सारखा रीस्टार्ट होणारा जुना लॅपटॉप: हात घालण्याआधीची तयारी

पहिली तयारी हात आवरण्याची. कंपनीचा लोगो येतो, ठिपके गोल फिरतात, पडदा काळा होतो आणि पुन्हा लोगो. असं सुरू झालं की माणूस 'आता होईल, मग होईल' करत तासभर बटण दाबत बसतो. दोष रॅमचा किंवा विंडोजचा असेल तर त्याने फारसं बिघडत नाही. पण जुनी फिरती हार्डडिस्क मरणाला टेकली असेल तर अशा खटपटीत उरलासुरला डेटाही जातो. चार्जर काढा, झाकण मिटा, आधी सामान जमवा. आतून ठरावीक टकटक ऐकू येत असेल, किंवा मशीन २०१९ अथवा २०२१ च्या पुरात भिजून माळ्यावर पडलेलं असेल, तर पुढचं काहीच करू नका. डिस्क काढायची आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्यायची, तीही आतला डेटा त्या खर्चाच्या लायकीचा असेल तर.

म्हणजे आधी हे ठरवा, की लॅपटॉप हवाय की आतला डेटा? सांगलीच्या मार्केट यार्डात गाळ्यावरच्या दहा वर्षांच्या लॅपटॉपला भंगाराचा भाव, पण त्यातल्या टॅलीत हळदीचे सौदे आणि बेदाण्याची उधारी असते. तिथं डेटा आधी, दुरुस्ती मागून. माझ्या मते घरच्या मशीनलाही हाच क्रम.

काय वाचवायचं ते कागदावर लिहा. तोंडपाठ आहे असं वाटतं, ऐन वेळी निम्मं आठवत नाही. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स सगळ्यांना सुचतात. टॅलीचा 'डेटा' फोल्डर मात्र वेगळ्याच जागी असतो आणि आत कंपनीच्या नावाऐवजी नुसत्या आकड्यांचे फोल्डर, त्यामुळे तो अख्खाच उचलायचा. डीटीपीवाल्यांनी, शाळेतल्या कारकुनांनी, लग्नपत्रिका छापणाऱ्यांनी विंडोजमधला फॉन्ट्सचा फोल्डरही घ्यावा. श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टात टाइप केलेली जुनी पत्रं तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की नुसता कचरा दिसतो. हे सहसा जुना लॅपटॉप विकून झाल्यावर लक्षात येतं.

लॅपटॉप ऑफिसने दिलेला किंवा त्यातल्या त्यात नवा असेल तर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल असं धरून चाला. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते किंवा ऑफिसच्या आयटीवाल्याकडे. मोबाइलवरून ती शोधून उतरवून ठेवा. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणारा मशीनचा मूळ प्रोग्रॅम. त्यातली एखादी सेटिंग हलली की मशीन ही रिकव्हरी की मागत बसतं, आणि ती नसेल तर डिस्क दुसरीकडे लावूनही फाइल उघडत नाहीत.

आता पेनड्राइव्ह. दोन हवेत, किमान ८ जीबीचे आणि रिकामे, कारण तयार करताना आतलं सगळं पुसलं जातं. एकावर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरून मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल चालवून विंडोज घ्या. दुसऱ्यावर रूफससारख्या प्रोग्रॅमने लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. हा दुसरा जास्त कामाचा. विंडोजला न उठवता मशीन पेनड्राइव्हवरूनच चालू होतं, डिस्कवरच्या फाइल दिसतात आणि बाहेरच्या हार्डडिस्कवर घेता येतात. विंडोज नीट बंद झालेलं नसल्यामुळे मिंट ती डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडेल कदाचित. घाबरू नका, कॉपी करायला तेवढं पुरतं. शिवाय मिंटवर मशीन तासभर न अडखळता चाललं, तर दोष विंडोजमध्ये किंवा डिस्कमध्ये आहे हेही फुकटात कळतं. पेनड्राइव्हवरून सुरू करण्याची की डेल, लेनोव्हो, एसरवर बहुधा एफ १२, एचपीवर एस्केप आणि मग एफ ९. ती आधीच लिहून ठेवा, लोगो क्षणभरच दिसतो.

बाकी सामान घरातलंच: छोटा स्टार स्क्रूड्रायव्हर, पांढरं खोडरबर, मऊ ब्रश, झाकण उचकटायला जुनं एटीएम कार्ड. कागदावर लॅपटॉपच्या तळाचा आकार काढा आणि निघालेला स्क्रू त्या त्या जागी चिकटपट्टीने लावा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला तर थेट मदरबोर्डला टोचू शकतो. दुसरा चार्जर मागून आणायचा तर व्होल्ट तेच हवेत (जुन्यांवर बहुधा १९ किंवा १९.५) आणि वॅट तेवढे किंवा जास्त. पिन बसते एवढ्यावर जाऊ नका.

वेळ सकाळची धरा. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचा भरवसा नाही. लाइट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतचा झटका बॅटरी मेलेल्या लॅपटॉपला सोसेलच असं नाही, आणि तुम्ही समजता पुन्हा तेच सुरू झालं.

आता सुरुवात. चार्जर काढलेला आहेच, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा आणि मग नुसत्या चार्जरवर चालू करून बघा. कधी कधी एवढ्यावर सुटतं. बॅटरी फुगलेली दिसली तर ती परत बसवायची नाही.

नाही सुटलं तर एफ २, एचपीवर एफ १०, दाबून बायोसमध्ये जा आणि अर्धा तास तिथंच राहू द्या. ही तपासणी बिनखर्चाची आहे, तरी फारसं कोणी करत नाही. बायोसमध्ये विंडोज चालूच नसतं. तिथंही मशीन आपोआप रीस्टार्ट झालं तर रॅम, उष्णता किंवा वीजपुरवठा यांतलं काहीतरी. तिथं निवांत राहिलं तर रोख विंडोजकडे आणि डिस्ककडे. बसल्या बसल्या बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो घ्या. तारीख भलतीच जुनी दिसली तर आतला बटण-सेल, बहुतेक वेळा सीआर २०३२, संपलाय. सेल गेला की सेटिंग्ज मूळपदावर जातात, त्यात साटाचा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) बदलला तर विंडोजला स्वतःची डिस्क सापडत नाही आणि ते घिरट्या घालत राहतं. अशा वेळी फॉरमॅट करणं म्हणजे शुद्ध वाया मेहनत.

रोख हार्डवेअरकडे असेल तर तळ उघडा. हळदीच्या गाळ्यावरचं मशीन असेल तर पंख्यात आणि जाळीत पिवळी पेंड बसलेली असते, ती ब्रशने काढा, पाती बोटाने धरून. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकच लावून बघा, मग दुसरी, मग खाचा बदलून. पट्टीच्या सोनेरी कडेवर खोडरबर हलकेच फिरवा, पण मशीनपासून लांब. कण खाचेत पडले तर नवीनच दुखणं.

रोख विंडोजकडे असेल तर रीस्टार्टआधी क्षणभर चमकणाऱ्या निळ्या पडद्याचा मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या. डोळ्यांना न दिसणारा एररचा कोड त्यात वाचता येतो. सुरू होतानाच दोन-तीनदा बटण दाबून बंद केलं की विंडोज १० आपणहून दुरुस्तीचा पडदा आणतं. असं बंद करणं डेटा निघाल्यावरच. तो निघायचा असेल तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरूनही तिथं जाता येतं. ट्रबलशूटमधून शेवटचा अपडेट काढा, स्टार्टअप रिपेअर चालवा, स्टार्टअप सेटिंग्जमधून सेफ मोड (गरजेपुरतंच विंडोज) बघा. मिंट जमलं नसेल तर इथल्या कमांड प्रॉम्प्टवर 'नोटपॅड' टाइप करा. त्याच्या ओपनच्या खिडकीत 'ऑल फाइल्स' निवडलं की सगळ्या फाइल आणि फोल्डर दिसतात आणि राइट क्लिकने कॉपी करून बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करता येतात. एरवीची सी ड्राइव्ह इथं डी म्हणून दिसू शकते. चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासणारी विंडोजची कमांड, मात्र डेटा निघेपर्यंत नाही म्हणजे नाही. नेटवर जो तो आधी तेच चालवायला सांगतो, पण आजारी डिस्कला ते तासन्‌तास खरवडत बसतं.

नवीन विंडोज टाकायची वेळ आली तर विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे ध्यानात घ्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, जुन्या लॅपटॉपात तो नसतोच. मी असतो तर फिरती डिस्क काढून एसएसडी (आत काही न फिरणारी, वेगवान डिस्क) घातली असती आणि मिंटच कायमचं टाकलं असतं. टॅलीवर पोट असेल तर मात्र विंडोज लागणारच, तेव्हा नवा लॅपटॉप घेतलेला बरा.

आणि दुकानात द्यायचाच ठरला तर डेटा असलेली डिस्क काढून घरी ठेवा. ते जमत नसेल तर 'विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नये' असं पावतीवर लिहून घ्या, खाली आपला नंबर. कुठल्या टप्प्यावर रीस्टार्ट होतो, बायोसमध्ये काय झालं, कुठली रॅम लावून पाहिली, हे चार ओळींत लिहून चिठ्ठी झाकणात ठेवा. चार्जरही बरोबर द्या. बऱ्याचदा दोष त्याच्याच पिनेत निघतो.