सिग्नलला बंद पडणारी गाडी: गॅरेजला नेण्याआधीची तयारी

ठाण्यातल्या तीन हात नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबते, क्लच दाबला जातो आणि इंजिन बंद पडतं. चावी फिरवली की लगेच चालू. हा बिघाड गॅरेजच्या दारात सहसा दिसत नाही. मेकॅनिक पाच मिनिटं गाडी चालू ठेवून बघतो, आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा जागचा हलत नाही, आणि मग अंदाजाने आधी प्लग, मग कॉइल, मग पंप अशी बदलाबदली सुरू होते. ते टाळायचं असेल तर काही कामं आपण आधीच करून ठेवायला हवीत. इथे पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांपुरतंच लिहितो, डिझेलची तपासणी वेगळी.

सगळ्यात आधी हा बिघाडच आहे ना, ते बघा. अलीकडच्या बऱ्याच गाड्या थांबल्यावर इंधन वाचवायला स्वतःहून इंजिन बंद करतात आणि क्लच दाबला किंवा ब्रेक सोडला की पुन्हा सुरू करतात. डॅशबोर्डवर तसं बटण असेल तर ते बंद करून दोन दिवस चालवा. तरीही गाडी बंद पडली तर पुढचं वाचा. तोवर घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर किंवा ऐरोली पुलावर ती गाडी न नेलेलीच बरी. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, आणि ब्रेकला मिळणारी मदत एकदोनदा दाबण्यापुरतीच उरते. घरच्या सगळ्यांना हे सांगून ठेवा: अशा वेळी ब्रेक पुन्हापुन्हा सोडून दाबायचा नाही, एकदाच जोर लावून दाबून धरायचा आणि चारही इंडिकेटर लावायचे.

आता वही किंवा मोबाइल घ्या. माझ्या मते या सगळ्या तयारीत नोंदींइतकं मोलाचं दुसरं काही नाही. गाडी सकाळी थंड असताना बंद पडते की तासभर ट्रॅफिकमध्ये तापल्यावर? एसी लावल्यावर? पार्किंग करताना स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर? काटा हळूहळू खाली येत, इंजिन थरथरत बंद पडतं, की काही न कळता एका क्षणात? हळूहळू बंद पडणं बहुतेक वेळा हवा आणि इंधनाच्या प्रमाणाकडे बोट दाखवतं. एका क्षणात बंद पडत असेल तर इग्निशन (ठिणगी पाडणारी यंत्रणा), वायरिंग किंवा इंजिनचं फिरणं मोजणाऱ्या क्रँक सेन्सरचा संशय घ्यावा. हा सेन्सर तापल्यावर दगा देतो आणि थंड झाल्यावर पुन्हा ठीक चालतो, त्यामुळे त्याचा बिघाड हाती लागायला वेळ लागतो. पेट्रोल भरून पंपावरून निघताना गाडी अडखळत असेल तर तेही लिहा. टाकीतली वाफ इंजिनकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला की असं होतं, आणि तुम्ही सांगितल्याशिवाय तो कुणी तपासत नाही.

सीएनजीवाल्यांच्या हाती एक सोपी परीक्षा आहे. एक दिवस पेट्रोलवर, एक दिवस गॅसवर चालवून बघा. फक्त गॅसवर बंद पडत असेल तर प्लग, कॉइल, गॅसचा फिल्टर, गॅसचा दाब कमी करणारा रेग्युलेटर हे आधी बघायचं, कारण गॅस पेटायला ठिणगी जास्त जोरकस लागते आणि झिजलेले प्लग तिथे आधी उघडे पडतात. फक्त पेट्रोलवर बंद पडत असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर आणि पंप. दोन्हीवर पडत असेल तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप), हवेची गळती किंवा सेन्सर.

मग बॉनेट उघडा, इंजिन थंड असताना. एअर फिल्टर काढून उजेडात धरा. काळा, ओला किंवा चेंबलेला असेल तर बदला. तेलाचं झाकण आणि डिपस्टिक घट्ट बसलीय का बघा, कारण बऱ्याच इंजिनांत तिथूनही जास्तीची हवा आत जाते. रबरी पाइपांवर बोट फिरवून चिरा शोधा. सोसायटीच्या स्टिल्टमध्ये किंवा बेसमेंटमध्ये गाडी लावत असाल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि पाइप नीट बघा. ठाण्यात आणि नवी मुंबईत हे कारण फार वेळा सापडतं, पावसाळ्यात तर जास्तच. बॅटरीची टोकं पांढरी पडली असतील तर साफ करून घ्या. मल्टिमीटर असेल तर गाडी बंद असताना साधारण १२.४ ते १२.७ व्होल्ट आणि चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. पीयूसीची पावतीही फाइलमध्ये घाला. पेट्रोल गाडीच्या पावतीवर आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) मोजलेलं सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (न जळलेलं इंधन) छापलेलं असतं: सीओ वाढलेला म्हणजे इंधन जास्त जातंय, एचसी वाढलेला म्हणजे बहुधा मिसिंग आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ‘रीसेट करू’ म्हणून बॅटरीची वायर काढू नका, कुणाला काढू देऊ नका. गाडीच्या कॉम्प्युटरने साठवलेले एरर कोड त्याने पुसले जाऊ शकतात. आधी ते कोड वाचणारा स्कॅनर लावायचा, कोडचा फोटो काढायचा, मगच बाकीचं. चेक इंजिनचा दिवा पेटलेला नसला तरी कोड साठलेला असू शकतो, म्हणून स्कॅन मागून घ्याच.

बहुतेक जुन्या गाड्यांत शेवटी थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन निघतो. आयडलिंगला जी थोडीशी हवा लागते तिची वाट तो अडवतो. साफसफाई स्वस्त आहे, म्हणून महागडा पार्ट बदलण्याआधी तीच मागा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप इग्निशन चालू असताना बोटाने ढकलायची नाही, आणि सफाईनंतर अनेक गाड्यांना स्कॅनरने आयडल पुन्हा शिकवावा लागतो. वागळे इस्टेटमध्ये नेताय की तुर्भ्याला, आधी फोन करून तुमच्या मॉडेलसाठी ही सोय आहे का, एवढं विचारा.

गाडी परत घेताना जुने पार्ट मागून घ्या. मग इंजिन पूर्ण तापू द्या, मोकळ्या जागेत उभी करा, बेसमेंटमध्ये नको, तिथे धूर कोंडतो आणि सीओ जीवघेणा आहे. एसी, हेडलाइट, मागच्या काचेचा डीफॉगर सगळं लावा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि पंधरा मिनिटं काट्यावर नजर ठेवा. बहुतेक गाड्यांत तो ७०० ते ९०० च्या आसपास राहतो. एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर हलला तरी चालेल, पण सावरायला हवा. सावरला नाही तर पैसे देण्याआधीच मेकॅनिकला शेजारच्या सीटवर बसवून ते दाखवा.