कोठडीत मार खाल्लेल्याची जबानी कशी घ्यावी

आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या गटात नवी मुलं आली की त्यांना मोर्चा हवा असतो. मी हातात वही देते.

वहीच्याही आधी दवाखाना. जवळचं सरकारी इस्पितळ, मार जास्त असेल तर थेट बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ. माणूस घाबरून डॉक्टरला ‘पडलो’ म्हणतो. कोणी, कशानं मारलं ते केसपेपरवर यायला हवं. वळांचे फोटो त्याच दिवशी काढा: एक चेहऱ्यासकट, एक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून.

जबानीच्या वेळी घरच्यांना बाहेर सोप्यावर बसवा, नाहीतर सगळी कथा मेव्हणाच सांगतो. बोलेल तसंच लिहा, कोकणी-मराठी मिसळली तरी चालेल. ‘माझा अमानुष छळ झाला’ असं कुठलाही ट्रकवाला बोलत नाही. ‘तळपायावर पट्ट्यानं मारलं, दोघे होते, एकाला मिशी’ असं तो सांगतो, आणि उलटतपासणीत तेच टिकतं. वेळ आठवत नसेल तर शेवटची कदंबा बस गेली होती का, देवळात आरती चालू होती का, असं विचारा. तरीही नाही आठवलं तर ‘आठवत नाही’ लिहा. शेवटी सगळं वाचून दाखवा, मगच सही.

अटकेचा मेमो मिळाला का, हे विचाराच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या डी. के. बसू निकालानुसार त्यावर वेळ, तारीख आणि घरच्या किंवा गावातल्या साक्षीदाराची सही लागते. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे नेलं होतं का, तेही.

सीसीटीव्हीसाठी लगेच लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्याच न्यायालयाच्या २०२०च्या परमवीर सिंग सैनी निकालाप्रमाणे पोलिस स्थानकातलं चित्रीकरण निदान वर्षभर ठेवावं लागतं. पण ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर आम्ही ऐकून आहोत. तेसुद्धा लेखी मागा.

तक्रार पणजीला, राज्य मानवी हक्क आयोगाकडे. फी नाही. घरचे म्हणतील, चतुर्थी होऊ दे, मग बघू. थांबू नका: घटनेला वर्ष उलटलं की आयोगाला चौकशी करता येत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे तीच तक्रार पाठवू नका, एकीकडे प्रकरण चालू असलं की दुसरीकडे अडतं. आणि आयोग शिफारस करतो, शिक्षा देत नाही, हे त्या घरात पहिल्याच दिवशी सांगा.