मेनफ्रेममधली लिंक सारखी तुटतेय? या चुका टाळा

दोन मेनफ्रेम (मोठ्या संस्थांचे मोठे संगणक) आयपी नेटवर्कवरून एंटरप्राइज एक्स्टेंडरने, म्हणजे ईईने (मेनफ्रेमच्या जुन्या एसएनए नेटवर्कचा डेटा आयपीवरून नेणाऱ्या सोयीने) जोडलेले आहेत आणि लिंक तुटली. बहुतेक ठिकाणी पहिलं काम होतं ते लाइन इनअॅक्टिव्ह करून परत अॅक्टिव्ह करण्याचं. लिंक उभी राहते, तिकीट बंद होतं आणि पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा. घाई समजू शकते, कारण पलीकडे व्यवहार अडकलेले असतात. पण लाइनला हात लावण्याआधी दोन्ही सिस्टिमचे सिसलॉग (सिस्टिमने दिलेल्या मेसेजची नोंद) बाजूला काढा. व्हीटॅम (मेनफ्रेमवर ही लिंक सांभाळणारं सॉफ्टवेअर) लाइन पाडताना आयएसटी१४११आय हा मेसेज देतो आणि त्याच गटात आयएसटी१४३०आय मध्ये कारण लिहितो. तिथे एलडीएलसी (ईईची लिंक सांभाळणारा प्रोटोकॉल) कमांड टाइमआउट असं दिसलं तर पलीकडून उत्तर येणं थांबलं होतं, एवढं नक्की कळतं. आधी कोणत्या बाजूने लाइन पाडली हेही वेळा जुळवून पाहा.

दुसरी चूक सर्रास होते: पिंग लागतो, म्हणजे नेटवर्क ठीक आहे असं मानणं. पिंग आयसीएमपी (नेटवर्कची तपासणी आणि अडचणींचे निरोप यांचा प्रोटोकॉल) वापरतो, ईई मात्र यूडीपी या डेटा नेणाऱ्या वेगळ्या प्रोटोकॉलच्या १२००० ते १२००४ या पाच पोर्टवर चालतं. १२००० वर लिंक जिवंत आहे का याची चौकशी होते, बाकीच्या चारांवर प्राधान्यानुसार डेटा जातो. फायरवॉलमध्ये यातला एखादाच पोर्ट राहून गेला, किंवा नियम एकाच दिशेने लिहिला गेला, तर लिंक उभी राहूनही काही सेशन अडकतात. पिंगवर विसंबण्याऐवजी डी नेट,ईईडायग ही कमांड टेस्ट=येस देऊन चालवा. ती पाचही पोर्ट तपासते.

टायमरचं गणितही माहीत हवं. मूळ सेटिंगमध्ये लिवटाइम (किती वेळ शांतता असली की चौकशी करायची) १० सेकंद, एसआरक्यूटाइम (प्रत्येक चौकशीच्या उत्तराची वाट) १५ सेकंद आणि एसआरक्यूरिट्राय (चौकशी पुन्हा किती वेळा) ३ असतो. म्हणजे उत्तर न मिळाल्यास आधीचे १० आणि पहिली व पुन्हा तीन अशा चार चौकशांचे ६०, मिळून साधारण ७० सेकंदांनी व्हीटॅम हात टेकतो. राउटरचा पर्यायी मार्ग सुरू व्हायला त्याहून जास्त वेळ लागत असेल तर प्रत्येक वेळी लिंक पडणारच. अशा वेळी टायमर वाढवणं योग्य आहे. पण कारण न शोधता तो वाढवत नेला, तर खरा बिघाड उशिरा कळतो एवढंच.

छोटे व्यवहार सुरळीत आणि मोठी फाइल पाठवली की सगळं ठप्प, असं असेल तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बघा. मध्ये नवा आयपीसेक टनेल (डेटा गुप्त करून नेणारा मार्ग) आला की पॅकेटला जागा कमी उरते. त्यात फायरवॉलने आयसीएमपी पूर्ण बंद केलं असेल तर “पॅकेट मोठं आहे” हा निरोप पाठवणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. साधा छोटा पिंग इथेही फसवतो. मोठ्या आकाराचा, तुकडे न करण्याची सूचना दिलेला पिंग पाठवून पाहा.

ईई नसून साधं टीसीपी कनेक्शन असेल आणि ते निवांत वेळेनंतरच तुटत असेल, तर संशय फायरवॉलच्या आयडल टायमरवर घ्या. झेडओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कीपअलाइव्हचा (निवांत कनेक्शन जिवंत आहे का हे विचारणाऱ्या पॅकेटचा) मूळ अवधी १२० मिनिटांचा आहे, आणि तोही अॅप्लिकेशनने मागितला तरच लागू होतो. फायरवॉल त्याआधीच आपल्या नोंदीतून कनेक्शन काढून टाकत असेल, तर पुढचं पॅकेट वाटेतच हरवतं. कीपअलाइव्ह फायरवॉलच्या मर्यादेपेक्षा कमी ठेवा.

पॅकेट ट्रेस (आल्या-गेल्या पॅकेटची नोंद) एकाच टोकाला घेऊन नेटवर्क टीमशी वाद घालू नका. पॅकेट इकडून निघालं आणि तिकडे पोचलं नाही, हे दोन्ही बाजूंचे पॅकेट ट्रेस एकाच वेळी घेतल्याशिवाय सिद्ध होत नाही. नेटवर्कवाल्यांना तुमचं म्हणणं पटायचं असेल तर त्यांच्या हातात हेच ठेवावं लागतं.

आणि ज्या सिस्टिमवर लिंक फक्त सीपीयू पूर्ण भरलेला असताना पडते, तिथे केबल तपासत बसू नका. व्हीटॅम आणि टीसीपीआयपी हे दोन्ही डब्ल्यूएलएमच्या (कोणत्या कामाला किती सीपीयू द्यायचा हे ठरवणाऱ्या भागाच्या) सिसएसटीसी या वरच्या प्राधान्याच्या वर्गात आहेत ना, ते आधी बघा. खालच्या प्राधान्याच्या वर्गात असतील तर उत्तर द्यायला त्यांना वेळेवर सीपीयूच मिळत नाही, आणि पलीकडच्या सिस्टिमला वाटतं की ही बंद पडली.