छेदात क्ष आला की आधी काय करायचं

मी संध्याकाळी दहावीच्या पोरांना बीजगणित शिकवतो, आणि दरवर्षी बघतो की साधं समीकरण पटकन सोडवणारी मुलंसुद्धा छेदात क्ष दिसला की अडकतात. माझं सांगणं एवढंच की सोडवायला घ्यायच्या आधी बाजूला लिहून ठेवा, क्षच्या कुठल्या किमतीला छेद शून्य होतोय. ती किंमत उत्तर म्हणून चालणार नाही.

हे बघा,
क्ष/(क्ष − 3) = 3/(क्ष − 3) + 2

इथे क्ष 3 नसला पाहिजे, हे लिहून ठेवलं. आता प्रत्येक पदाला (क्ष − 3) ने गुणायचं, प्रत्येक म्हणजे त्या एकट्या 2 ला पण, मार्क सगळ्यात जास्त तिथेच जातात, मुलं छेद उडवतात आणि 2 तसाच ठेवतात. मिळतं क्ष = 3 + 2(क्ष − 3), कंस सोडवला की क्ष = 3. आणि 3 तर आपण आधीच बाद केलाय! म्हणजे या समीकरणाला उकलच नाही. क्ष 3 असेल तर आपण ज्याने गुणलं तेच शून्य, आणि शून्याने गुणल्यावर दोन्ही बाजू कशाही असल्या तरी सारख्याच होतात, म्हणून हा 3 त्या गुणाकारातून आत घुसला. त्यामुळे ताळा करायचा तो मूळ समीकरणात, छेद उडवल्यानंतरच्या ओळीत नाही.

तिरकस गुणाकार (एका बाजूचा अंश गुणिले दुसऱ्या बाजूचा छेद) दोन्ही बाजूंना एकेकच अपूर्णांक असेल तरच करा. नाहीतर सरळ छेदांचा लसावि काढा.

नाव आणि प्रवाहाची गणितं याच जातीची. प्रवाह ताशी 2 किमी, 24 किमी जाऊन परत यायला 5 तास, तर संथ पाण्यात नावेचा वेग किती?
24/(क्ष − 2) + 24/(क्ष + 2) = 5
लसावि (क्ष − 2)(क्ष + 2), गुणून आवरलं की 5क्ष² − 48क्ष − 20 = 0, अवयव (5क्ष + 2)(क्ष − 10). वेग ऋण नसतो म्हणून क्ष = 10. प्रवाहाविरुद्ध 3 तास, प्रवाहाबरोबर 2, बरोबर 5.

आणि 3/क्ष + 2/य = 8, 5/क्ष − 1/य = 9 अशी जोडी आली तर लसाविच्या भानगडीत पडूच नका, 1/क्ष ला म आणि 1/य ला न म्हणा, म = 2, न = 1 येतं. पण तिथे थांबू नका हं, विचारलंय क्ष आणि य, म्हणजे क्ष = 1/2, य = 1.