स्पार्कलिंग वाइन आणि घरचे सिरप : या चुका टाळा

नाशिकची ब्रूट, म्हणजे जवळजवळ अगोड, स्पार्कलिंग वाइन आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे सिरप यांची जोडी उत्तम जमते. ती बिघडते ती बहुधा करणाऱ्याच्या घाईमुळे.

सर्वाधिक दिसणारी चूक म्हणजे सिरप न गाळता, कोमट असतानाच ग्लासात घालणे. एका परिचितांच्या घरी यजमानांनी सिरप गॅसवरून उतरवले, बिया आणि लगद्यासकट ग्लासांत वाढले आणि वरून एका दमात वाइन ओतली. फेस उसळून टेबलावर पसरला आणि ग्लासात उरले ते निव्वळ गुलाबी सरबत. बाटलीच खराब निघाली, असा निष्कर्ष काढून त्यांनी दुसरी उघडली आणि तिचीही तीच गत केली. वास्तविक द्रव जितका कोमट, तितका त्यातला कार्बन डायऑक्साइड लवकर निसटतो, आणि लगद्याच्या कणांवर बुडबुडे भराभर तयार होतात. मी सिरप चाळणीतून आणि नंतर मलमलीतून न पिळता गाळतो व रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतो. एवढा धीर ज्यांना नाही, त्यांनी वाइन नुसतीच प्यावी.

दुसरी चूक मिठाईच्या सवयीतून येते. गुलाबजामला लागतो तसा एकतारी पाक येथे नको. तो तळाशी बसतो आणि ढवळून मिसळावा तर बुडबुडे जातात. साखर आणि पाणी समभाग घ्यावे व साखर विरघळताच आच बंद करावी. साधारण १२० मिली वाइनला १५ मिली सिरप मला पुरेसे वाटते. सिरप आधी, मग ग्लास तिरपा धरून वाइन, आणि शेवटी लांब चमचा तळातून एकदाच वर उचलावा.

पुदिना किंवा तुळस पाकात उकळू नये; रंग काळवंडतो आणि कडवटपणा उतरतो. आच बंद केल्यावर पाने घालून पंधरा-वीस मिनिटांनी काढावीत. गवती चहा मात्र थोडा उकळलेला चालतो.

कोकमाचे आगळ वापरू नये, त्यात मीठ असते. स्पार्कलिंग वाइन शेकरमध्ये कधीही हलवू नये. बाटलीत बाहेरच्या हवेच्या पाच-सहा पट दाब असतो, म्हणून ती नीट थंड करून बूच घट्ट धरावे आणि बाटली फिरवावी. उरलेल्या बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून वायू टिकत नाही. त्यासाठी चिमट्याचे झाकण मिळते, ते घ्यावे.