सुगंधी मेणबत्त्या शिकताय? आधी वात समजून घ्या

ठाण्यात अलीकडे मेणबत्तीच्या कार्यशाळा बऱ्याच होतात. दोन-तीन तासांत मेण वितळवायचं, सुगंध घालायचा, ग्लासात ओतायचं आणि आपली मेणबत्ती घरी न्यायची. अशा कार्यशाळेला जरूर जा. हात बसतो, गरम मेणाची भीती जाते. पण तिथे एक गोष्ट शिकवणं शक्यच नसतं, कारण तिला दिवसच्या दिवस लागतात. ती म्हणजे केलेली मेणबत्ती तळापर्यंत जाळून बघणं. घोडबंदर रोडवरच्या माझ्या घरात मी हे काम काही वर्षं करते आहे आणि शिकायला येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगते, की ओतणं हे निम्मंसुद्धा काम नाही. मेणबत्ती कशी झाली ते पेटवल्यावर कळतं, आणि तेही पहिल्या तासात नाही.

म्हणून सुरुवात लहान ठेवा: एक मेण, एक ग्लास, एक सुगंध. तीन मेणं, पाच ग्लास आणि दहा सुगंध घेऊन बसलं की काय बिघडलं आणि कशामुळे, याचा पत्ताच लागत नाही.

मेणाचं थोडक्यात सांगते. पॅराफिन पेट्रोलियमपासून येतं. ते स्वस्त असतं, वास चांगला सोडतं आणि साच्यातल्या उभ्या मेणबत्त्यांनाही चालतं. सोया वॅक्स म्हणजे हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेलं सोयाबीन तेल. ते मऊ असतं, साधारण ५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, त्यामुळे ग्लासातल्या मेणबत्तीलाच बरं. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, महाग पडतं आणि त्याला स्वतःचाच मधाळ वास असतो. नव्या माणसानं ग्लाससाठीचं सोया किंवा सोया-पॅराफिनचं मिश्रण घ्यावं. पॅराफिन म्हणजे विष आणि सोया म्हणजे अमृत, हे विक्रीचं बोलणं झालं. काजळी धरते ती बहुतेक वेळा वातीचं माप चुकल्यामुळे, मग मेण कुठलंही असो.

सामान ऑनलाइन मिळतं, पण एकदा तरी स्लो लोकलनं मशीद बंदरला उतरून तिथून क्रॉफर्ड मार्केट, प्रिन्सेस स्ट्रीट असा फेरफटका मारा. वास नाकाला लावून बघता येतो, ग्लास हातात घेऊन त्याची जाडी कळते. मेण मात्र सुटं घेऊ नका. पिशवीवर कंपनीचं नाव आणि मेणाचा प्रकार लिहिलेला हवा, म्हणजे पुढच्या वेळी तेच मेण मागता येतं. मेण बदललं की आधीचे सगळे प्रयोग पुन्हा करावे लागतात.

हिशेब ग्रॅममध्येच करायचा, चमच्यानं किंवा थेंबांनी नाही. ग्लास काट्यावर ठेवा, जिथवर मेण हवं तिथवर पाणी भरा आणि वजन बघा. समजा पाणी १८० ग्रॅम भरलं. मेण पाण्यापेक्षा हलकं, म्हणून त्याला साधारण ०.८७ नं गुणा. उत्तर आलं सुमारे १५७ ग्रॅम. सुगंध मेणाच्या ८ टक्के धरला, तर मेण १४५ ग्रॅम आणि सुगंध साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. ६ ते १० टक्क्यांच्या पट्ट्यात बहुतेक ग्लासच्या मेणबत्त्या बसतात, पण नेमकी मर्यादा मेणाच्या कंपनीनं दिलेली असते, ती ओलांडू नका. जास्त घातलेलं सुगंधी तेल मेणात मुरत नाही. ते वर घामासारखं येतं, वातीत अडकतं आणि कधी कधी पेट घेतं.

मेण थेट गॅसवर ठेवू नका. मोठ्या पातेल्यात पाणी आणि त्यात मेणाचं भांडं, असंच वितळवायचं. ही भांडी, चमचे, गाळणं सगळं स्वयंपाकापासून कायमचं वेगळं ठेवा. सुगंधी तेलाची बाटली चहापत्तीच्या किंवा पिठाच्या डब्याशेजारीही नको, वास लागतो तो जात नाही. सोया वॅक्स साधारण ८० ते ८५ अंशांपर्यंत तापवून गॅस बंद करायचा, मग सुगंध घालायचा आणि दोन मिनिटं सावकाश ढवळायचं. गॅस आधी बंद करायचं कारण फ्लॅश पॉइंट. त्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगी मिळाल्यास पेटू शकते. पुष्कळ जण समजतात की फ्लॅश पॉइंटला वास उडून जातो. तसं नाही. तो आकडा आगीसाठी आहे, वासासाठी नाही. पुढे मेण ५५ ते ६५ अंशांपर्यंत उतरलं की ओतायचं.

मेणानं पेट घेतलाच तर पाणी मारू नका, भडका उडतो. गॅस बंद करून वर झाकण ठेवा. गरम मेण हातावर सांडलं तर वीस मिनिटं नळाच्या गार पाण्याखाली हात धरा. बर्फ, टूथपेस्ट काही नको. आणि उरलेलं मेण सिंकमध्ये कधीच ओतायचं नाही. पाइपात गोठतं आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी वर येतात. भांडं गरम असतानाच वर्तमानपत्रानं पुसून घ्या.

आता वात. मला खरं बोलायचंय ते हिच्याबद्दल.

आपल्या घरात वातींची कमतरता नसते. देवघरात फुलवात असते, लांब वात असते, आणि शिकायला आलेली प्रत्येक दुसरी व्यक्ती विचारते, "ताई, हीच चालणार नाही का?" नाही चालणार. ती वात तुपा-तेलासाठी आहे. मेणबत्तीची वात गोफासारखी विणलेली असते, मेणात बुडवून ताठ केलेली असते आणि खाली पत्र्याच्या चकतीत बसवलेली असते. विणीला कारण आहे. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी विणलेली वात आणली. जळताना ती एका बाजूला वाकते, तिचं टोक ज्योतीच्या बाहेरच्या, जास्त तापलेल्या भागात जातं आणि आपोआप जळून जातं. त्याआधी माणसं कात्री घेऊन सारखी काजळी कापत बसायची.

मेणबत्तीत दोरा जळतो असं वाटतं, पण मुख्यतः जळते ती मेणाची वाफ. ज्योतीच्या उष्णतेनं मेण वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती पेटते. मायकेल फॅरडे यांनी १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांना हे प्रयोगातून दाखवलं होतं. तुम्हीही करून बघा. मेणबत्ती विझवली की पांढरट धुराची रेघ निघते. तिला लगेच जळती काडी लावा, ज्योत त्या रेघेवरून उतरून वातीला येऊन लागते. तो धूर म्हणजे मेणाचीच वाफ. म्हणून फुंकर मारली की खोलीत कोंदट वास पसरतो. गिऱ्हाइकाला सांगताना झाकण ठेवून विझवायला सांगा.

वातीचं माप ठरतं ग्लासच्या आतल्या व्यासावरून, मेणावरून आणि सुगंधावरूनही. वात बारीक असेल तर मधेच खड्डा पडत जातो, कडेचं मेण तसंच राहतं आणि ज्योत त्यात बुडून विझते. जाड असेल तर ज्योत उंच नाचते, टोकाला काजळीची छत्री येते, ग्लास काळा होतो आणि चटका बसण्याइतका तापतो. विक्रेत्याचा तक्ता असतो, पण तो फक्त सुरुवात करण्यापुरता. तक्त्यातलं माप घ्या, त्याच्या एक खालचं आणि एक वरचंही घ्या, आणि तिन्ही एकाच ग्लासात, एकाच मेणात, सुगंधासकट करून बघा. बिनसुगंधाची चाचणी निरुपयोगी आहे, कारण जड तेलं वातीचा रस्ता अडवतात. व्यास नऊ-दहा सेंटिमीटरच्या पुढे गेला तर दोन वाती लावायचा विचार करा.

चाचणी अशी घ्यायची. वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापा. चार तास जाळा, विझवा, पूर्ण गार होऊ द्या, वात पुन्हा कापा आणि पुन्हा जाळा. तळाशी एक सेंटिमीटर मेण उरेपर्यंत हेच. दर तासाला वहीत लिहा: वितळलेलं मेण कडेपासून किती लांब, किती खोल, ज्योत स्थिर की नाचरी, काजळी, बाहेरून ग्लास किती गरम.

इथे नवे लोक हमखास एका ठिकाणी फसतात. पहिल्याच वेळी तासाभरात मेण काठापर्यंत वितळलं की त्यांना आनंद होतो. पण मेणबत्ती खाली उतरते तशी ज्योत ग्लासच्या आत जाते, काच उष्णता धरून ठेवते आणि तीच वात खाली फार जोरात जळायला लागते. वर अगदी छान वाटलेली वात तळाशी धोक्याची ठरते. म्हणून पहिल्या-दुसऱ्या वेळी कडेला थोडं मेण राहिलं तर राहू द्या. ते पुढे खाली उतरतं. मी वात पसंत करते ती मेणबत्तीच्या शेवटच्या एक-तृतीयांश भागातल्या वागण्यावरून.

वासाची गंमत वेगळी. एक मुलगी तिची मेणबत्ती घेऊन आली होती. म्हणाली, "ताई, बंद असताना अख्खं कपाट दरवळतं, पेटवली की काहीच नाही." या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंद मेणबत्तीचा वास तेलावर अवलंबून असतो. पेटलेलीचा वास वितळलेल्या मेणाच्या पृष्ठभागावरून येतो, म्हणजे पुन्हा वातीवर. तिची वात बारीक होती, आणि ओतल्यावर दुसऱ्याच दिवशी पेटवली होती. सोया वॅक्सला झाकण लावून एक ते दोन आठवडे मुरू द्यावं लागतं. पॅराफिनला दोन-तीन दिवस पुरतात.

आपल्या लोकांना मोगरा, सोनचाफा, वाळा, चंदन हवं असतं आणि ते मला फार आवडतं. व्हॅनिला आणि कॉफीपेक्षा आपल्या घरांत हेच शोभतं. पण वसईचा सोनचाफा स्टेशनबाहेर हातात घेतल्यावर जो वास येतो, तो बाटलीत बहुतेक वेळा रसायनांतून जुळवलेला असतो, आणि ते गिऱ्हाइकाला सरळ सांगावं. 'केमिकल फ्री' लिहू नका. सुगंध विकणाऱ्याकडून सुरक्षा माहितीपत्रक आणि आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेचं, म्हणजे इफ्राचं प्रमाणपत्र मागून घ्या. चांगला विक्रेता ते देतो. अंगाला लावायचा परफ्यूम मेणात कधीच घालू नका, त्यात अल्कोहोल असतं. गवती चहाचं तेल मेणबत्तीत छान वास देतं, पण 'डास पळवते' असं लेबलवर नको. डासांवरच्या उत्पादनाला कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते.

मेणात खडूचे रंग, हळद, कुंकू काही घालायचं नाही. त्याचे कण वातीत अडकतात. वर सुकलेल्या गुलाबपाकळ्या पसरणं तर मला अजिबात मान्य नाही. फोटो सुंदर येतो, पण पाकळी वातीकडे सरकली की दुसरी वात होते. नारळाची करवंटी आणि ग्लासभोवती गुंडाळलेली सुतळीही तशीच, दोन्ही पेटतात. कटिंगचा ग्लास घ्यायचा मोह होतो, तर घ्या, पण तोंड अरुंद म्हणून तो लवकर तापतो. त्याची चाचणी वेगळी करा.

आपल्या हवेचंही बघावं लागतं. ठाण्यात पंखा बंद ठेवून कुणी बसत नाही, आणि पंख्याखाली चांगली मेणबत्तीही एका बाजूनं जळते, काजळी धरते. चाचणी पंखा बंद करून घ्या, आणि लेबलवर 'थेट वाऱ्यात ठेवू नये' लिहा. पावसाळ्यात वाती आणि ग्लास झाकणबंद डब्यात ठेवा. ओतण्याआधी ग्लास कोरडा आणि किंचित कोमट हवा. सोयावर पांढरी बुरशीसारखी नक्षी येते ती बुरशी नसते, मेणाचे स्फटिक असतात. जळण्यावर काही परिणाम नाही. मे महिन्यात मात्र सोयाची मेणबत्ती कुरिअरनं पाठवताना विचार करा. उन्हातल्या गाडीत ती वितळून पोचते.

विकायचं असेल तर दिवाळीपासून उलट मोजा. मुरायला दोन आठवडे, म्हणजे ओतणं नवरात्राच्या आसपास संपायला हवं. ग्लास गणपतीआधी घरात हवेत. वातीच्या चाचण्या जून-जुलैत. दिवाळीत सोसायटीच्या प्रदर्शनात टेबल मिळतं, पण संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाची वाणाची ऑर्डर मला जास्त भरवशाची वाटते. नगांची संख्या आधी कळते, पैसे आधी येतात. किंमत काढताना जाळून टाकलेल्या चाचणीच्या मेणबत्त्या, टेबलाचं भाडं आणि स्वतःचे तास धरा. बायका स्वतःचे तास धरत नाहीत, आणि मग वर्षभरानं उद्योग बंद पडतो.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आधार कार्डावर फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. बंद पॅक विकताना नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर जीएसटीचं आधी सीएला विचारा. सुगंधातच पुढे शिकावंसं वाटलं तर कनौजला सुगंध आणि स्वाद विकास केंद्र आहे, १९९१ पासून. तिथले छोटे अभ्यासक्रम बघा.

पहिल्या खरेदीला एवढं पुरे: एक किलो ग्लासचं मेण, एकसारखे सहा ग्लास, लागोपाठच्या तीन मापांच्या वाती, शंभर ग्रॅम एकच सुगंध, थर्मामीटर, दशांश ग्रॅम दाखवणारा काटा आणि वही. प्रत्येक मापाच्या दोन मेणबत्त्या होतात. ग्लासच्या तळाला मापाची चिठ्ठी ओतायच्या आधीच चिकटवा, नंतर तिन्ही सारख्याच दिसतात.