जुन्या व्हिडिओ फाइलींचा आवाज डीव्हीडीसाठी तयार करताना

डीव्हीडी-व्हिडिओला एमपी३ चालत नाही, एएसी हा ऑडिओ प्रकारही चालत नाही. चालतात ते मुख्यतः तीन प्रकार: एसी३ (डॉल्बी डिजिटल), एमपी२ आणि कॉम्प्रेस न केलेला एलपीसीएम. सॅम्पल रेट, म्हणजे आवाजाचे सेकंदाला किती नमुने घेतले ते, ४८ किलोहर्ट्झ. जुन्या फाइली मात्र कुठल्याही मापाच्या सापडतात. व्हीसीडीचा आवाज ४४.१ वर, जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या क्लिप ८ किंवा ११.०२५ वर आणि त्याही मोनो, मिनीडीव्ही कॅमकॉर्डरच्या १२-बिट टेपा ३२ वर, एव्हीआयमध्ये बहुतेक वेळा एमपी३. ऑथरिंग प्रोग्रॅम, म्हणजे डीव्हीडीची रचना करून देणारा प्रोग्रॅम, हे सगळं मुकाट्याने बदलून देतो, हे खरं. पण ओठ आणि आवाज जुळत नसतील तर ते त्याला कळत नाही, आणि खरा वेळ तिथेच जातो.

आधी फाइल मीडियाइन्फो या फाइलचा तपशील दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून चार गोष्टी लिहून घ्या: ऑडिओचा प्रकार, सॅम्पल रेट, व्हिडिओ आणि ऑडिओ यांची वेगवेगळी लांबी, आणि 'डिले' (चित्राच्या मानाने आवाज किती पुढे-मागे सुरू होतो) दाखवला असेल तर तो आकडा. लांबीत सेकंदाचा फरक दिसला तर पुढे काय वाढून ठेवलंय त्याचा अंदाज येतो. एमपी३ व्हेरिएबल बिटरेटचा (सेकंदाला लागणारा डेटा कमी-जास्त होणारा) असेल तर तो आहे तसा कापून-जोडून वापरायच्या भानगडीत पडू नका. एव्हीआयमध्ये त्याचं वेळेचं गणित हमखास चुकतं.

वेव्ह काढून घ्या

ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅमला एफएफएमपेगची (वेगवेगळे व्हिडिओ-ऑडिओ प्रकार वाचणारी) लायब्ररी जोडलेली असेल तर व्हिडिओ फाइल सरळ आत ओढता येते. ऑडॅसिटी त्यातला फक्त आवाज उघडते. प्रोजेक्ट रेट ४८००० करा आणि १६-बिट वेव्ह (कॉम्प्रेस न केलेली ऑडिओ फाइल) एक्सपोर्ट करा. ९० मिनिटांच्या स्टिरिओची फाइल साधारण १ जीबीची होते, तेवढी जागा ठेवा. सगळी दुरुस्ती याच वेव्हवर करायची आणि एसी३ अगदी शेवटी, एकदाच. प्रत्येक टप्प्यावर कॉम्प्रेस केलं की आवाज दर खेपेला थोडा खराब होतो.

मीडियाइन्फोने डिले दाखवला असेल तर वेव्ह काढताना तो गळलाय का ते पाहा. गळला असेल आणि मूळ फाइलमध्ये आवाज उशिरा सुरू होत असेल, तर सुरुवातीला तेवढी शांतता घाला.

जुळणी

व्हिडिओच्या सुरुवातीजवळ एक आणि शेवटाजवळ एक अशा दोन जागा शोधा, जिथे आवाजाचा क्षण डोळ्यांना दिसतो: टाळी, दार आपटणं, टेबलावर ठेवलेला पेला. व्हर्च्युअलडब या व्हिडिओ संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये बाणाच्या कळांनी फ्रेम-फ्रेम पुढे जाऊन त्या क्षणाची वेळ घ्या, आणि वेव्हमध्ये तोच टोला कुठे उभा राहतो ते पाहा. दोन्हीकडे फरक सारखाच असेल तर काम सोपं: सुरुवातीला तेवढं कापा किंवा शांतता घाला. फरक वाढत गेला असेल तर ती सरक. कॅप्चर करताना व्हिडिओ कार्ड आणि साउंड कार्ड आपापल्या घड्याळावर चालतात, त्यातून ती येते.

समजा टाळी व्हिडिओत १ मिनिट १०.० सेकंदांना आणि वेव्हमध्ये १ मिनिट १०.२ ला आहे. शेवटचा टोला व्हिडिओत ५८ मिनिटं ३०.० ला, वेव्हमध्ये ५८ मिनिटं ३१.१ ला. व्हिडिओतलं अंतर ३४४० सेकंद, आवाजातलं ३४४०.९. भागाकार १.०००२६. म्हणजे पूर्ण ट्रॅक निवडून 'चेंज स्पीड'मध्ये ०.०२६ टक्के वेग वाढवायचा. इतक्या फरकाने सूर बदललेला कोणालाही कळत नाही. त्यानंतर पहिली टाळी पुन्हा मोजा, साधारण ०.१८ सेकंद उरतात, ते सुरुवातीला कापा. आधी वेग, मग कापणं. उलट क्रमाने केलंत तर दोनदा मोजावं लागेल.

मधल्या जागाही तपासा. फरक एकदम उडी मारून वाढला असेल तर तिथे फ्रेम गळल्या आहेत. तिथे टक्केवारीचा उपयोग नाही; उडीच्या जागी शांत क्षण शोधून आवाज तिथेच कापावा लागतो.

चित्रपटाची सेकंदाला २३.९७६ फ्रेमची फाइल पालच्या (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) २५ वर नेताना व्हिडिओ जलद केला असेल, तर आवाजही ४.२७ टक्के जलद हवा. सूर चढू नये म्हणून 'चेंज टेम्पो' वापरा. कन्व्हर्टरने फ्रेम वाढवून लांबी तशीच ठेवली असेल तर आवाजाला हात लावू नका.

सफाई आणि पातळी

एकाच बाजूला आवाज असेल तर तो दुसऱ्या बाजूला कॉपी करा. मोनो क्लिपही दोन चॅनेलची करून घ्या. ११ किलोहर्ट्झच्या आवाजातली वरची पट्टी रिसॅम्पलिंगने परत येत नाही, म्हणून ट्रेबल चढवत बसू नका. नुसती खरखर वाढेल. नॉइज रिडक्शन ६ ते ९ डेसिबलच्या पुढे नेलं की बोलणं पाण्याखालून आल्यासारखं वाटतं. सर्वांत मोठा टोला उणे ३ डेसिबलवर ठेवा, कारण एसी३ करताना शिखरं थोडी वर जातात.

मग एसी३, स्टिरिओ, १९२ किंवा २२४ केबीपीएस. कमाल मर्यादा ४४८ आहे, पण जुन्या रेकॉर्डिंगला तिचा उपयोग नाही. ९० मिनिटांना १९२ वर सुमारे १३० एमबी लागतात. एलपीसीएमला त्याच्या आठपट. ती जागा चित्राला दिलेली बरी. एनटीएससी (अमेरिका-जपानमधली टीव्ही पद्धत) डिस्कसाठी एमपी२ हा सक्तीचा प्रकार नाही, म्हणून एसी३ निर्धोक.

व्हीसीडीबाबत एक सोय लक्षात ठेवा. नियमात बसणारं ३५२×२८८ चं एमपेग-१ चित्र डीव्हीडीला तसंच चालतं, फक्त ४४.१ चा आवाज ४८ वर आणला की झालं. चित्र पुन्हा एन्कोड करू नका.

ऑथरिंगमध्ये फाइल घेताना ऑडिओ 'कॉपी'वर ठेवा, नाहीतर प्रोग्रॅम तुमचा एसी३ पुन्हा एन्कोड करील. एकाच टायटलसेटमधल्या (डीव्हीडीवर एकत्र ठेवलेल्या टायटलांच्या गटातल्या) सगळ्या क्लिपांचा ऑडिओ एकाच प्रकारचा आणि तेवढ्याच चॅनेलांचा हवा. एक क्लिप मोनो राहून गेली की प्रोग्रॅम चूक दाखवतो किंवा प्लेअर अडखळतो. आधी व्हिडिओ टीएस फोल्डर (तयार डीव्हीडीच्या फाइली) संगणकावर चालवून, मग पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर लिहून ती टीव्हीला लावून, सर्वांत लांब टायटलची शेवटची पाच मिनिटं पाहा.